मच्छीमार नौकेचे डिझेल इंजिन

चंदीगडच्या ईशान्येस, शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, १९५८ साली सुखना नावाच्या पावसाळी ओढ्याला बांध घालून एक विस्तीर्ण तलाव निर्माण करण्यात आला. नगराचे रचनाकार ल कॉर्ब्यूझिए यांनी त्या तलावासंबंधी दोन गोष्टींचा आग्रह धरला होता. एक म्हणजे बांधावरून वाहने जाऊ नयेत, आणि दुसरी म्हणजे पाण्यात मोटारबोटी चालू नयेत. समुद्रापासून फार दूर वसलेल्या त्या नगराला पाण्याजवळची शांतता हवी होती. तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबातील एखाद्या मुलाला इंजिनाचा आवाज ऐकायचा असेल, तर त्याला शहराबाहेर, पंजाबच्या शेतांकडे जावे लागेल. विजेचे पंप आता सर्वत्र पोहोचले असले तरी वीज गेली की विहिरीवर धडधडू लागते ते डिझेलचेच इंजिन. तिकडचा शेतकरी त्याला ‘पीटर’ या नावाने ओळखतो.

विहिरीवरचे ते इंजिन आणि कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमार नौकेच्या पोटात बसवलेले इंजिन ही सख्खी भावंडे आहेत. अंतरंगाची रचना एकच. परंतु शेतातील इंजिन पक्क्या चौथऱ्यावर उभे असते, थंड करण्यासाठी त्याला गोडे पाणी मिळते आणि ते बंद पडले तर शेतकरी मिस्त्रीला बोलावणे पाठवून झाडाच्या सावलीत बसू शकतो. नौकेतील इंजिनाचा चौथरा क्षणोक्षणी कलत असतो, भोवतालचे पाणी खारे असते, आणि मिस्त्री वीस-तीस मैल दूर, बंदरात असतो. इंजिन बंद पडलेली नौका वारा आणि प्रवाह नेतील तिकडे वाहत जाते. किनाऱ्याच्या बाजूस खडक असले तर तांडेलाच्या हाती नांगराखेरीज काही उरत नाही.

ही अवस्था नेहमीच अशी नव्हती. कोळी, भंडारी, खारवी, दालदी यांच्या होड्या पूर्वी शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. १९५१ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि मासेमारीच्या होड्यांना यंत्रे बसवण्याच्या कामास सरकारी साहाय्य मिळू लागले. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींडकरा येथे लहान नौकांना इंजिने बसवण्याचा प्रसिद्ध प्रकल्प उभा राहिला. मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर सातपाटी-वसई भागातील कोळ्यांनी यंत्रनौका लवकर आपलीशी केली. आरंभीच्या त्या नौकांवर डोलकाठी आणि शीड कायम होते. इंजिन हे शिडाच्या मदतीस ठेवलेले दुय्यम साधन होते. पुढे इंजिने मोठी होत गेली, शीड घरी राहू लागले, मग डोलकाठीही गेली. आज बहुतेक यंत्रनौकांवर इंजिनाला पर्याय असा नाहीच. प्रगतीचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा कोणी मांडत नाही.

डिझेल इंजिनच का, पेट्रोलचे का नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी लागते, आणि खारट, दमट हवेत ठिणगीची सारी सामग्री लवकर बिघडते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती होडीच्या तळाशी साचते, आणि बंद तळात साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नकोच असते. सिलिंडरातील हवा पिस्टनने दाबून मूळच्या सोळाव्या-विसाव्या हिश्शाइतकी केली की ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. सायकलीच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, त्याच न्यायाचे हे भव्य रूप होय.

ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. १८९२ साली त्याने एकस्व मागितले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची जाहीर चाचणी यशस्वी झाली. इंधनातील उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा त्या इंजिनाने कामात आणला. वाफेची यंत्रे तेव्हा त्याच्या निम्मेही साधत नव्हती. परंतु त्या पहिल्या इंजिनात तेल फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरीत, आणि त्यासाठी वेगळा जड कंप्रेसर लागे. असले धूड लहान होडीत कसे मावणार? तेल स्वतःच्याच दाबाने फवारणारा, हातात मावेल एवढा पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागला, तेव्हा कुठे डिझेलचे इंजिन ट्रकात, शेतात आणि होडीत शिरले. डिझेल हे पाहावयास जिवंत नव्हता. १९१३ साली इंग्लंडला जाताना तो रात्री आगबोटीवरून नाहीसा झाला. ज्याच्या इंजिनाने पुढे जगातील नौका चालवल्या, त्याचा शेवट समुद्रातच व्हावा हा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

भारतात असे पंप बनवण्यासाठी १९५१ साली स्थापन झालेल्या कंपनीचे ‘मायको’ हे नाव मिस्त्रींच्या तोंडी इतके बसले की पंप म्हणजे मायको असे समीकरण झाले. इंजिनांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे निघाला. मोठ्या नौकांवर ट्रकचेच सहा सिलिंडरांचे इंजिन समुद्रासाठी फेरफार करून बसवण्याचा प्रघात आहे. ते फेरफार नीट झाले आहेत की नाहीत, यावर त्या इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते.

नौकेतील इंजिनाचे दुखणे दहांत बहुतेक वेळा तेलापाशी सुरू होते. तेल फवारणाऱ्या पंपातील दांडा आणि त्याचे घर यांच्यामध्ये केवळ दोन-तीन मायक्रॉनांची फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या फटीत धुळीचा एखादा कणही काय अनर्थ करील याची कल्पना येते. पाणी तर त्याहून वाईट. पाण्याने पंपाचे आणि नोझलचे गुळगुळीत पोलाद गंजते. आता जेट्टीवर डिझेल भरले जाते ते अनेकदा पिंपातून, डब्यातून, पावसाच्या शिंतोड्यांत. टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्याने आतील हवेतील बाष्प टाकीच्या भिंतींवर दवासारखे जमते आणि तळाशी उतरते. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी वाढते. तिचा काळपट चिखल टाकीच्या तळाशी बसून राहतो.

समुद्र शांत असेपर्यंत हा चिखल निमूट पडून असतो. वारा उठला, लाटा वाढल्या, नौका डोलू लागली की टाकी घुसळली जाते, तळाचा गाळ वर येतो आणि फिल्टर चोंदतो. तेल पोहोचेनासे होते आणि इंजिन गुदमरून बंद पडते. वादळातच नेमके इंजिन का दगा देते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा या गाळात सापडते. दर्याचा कोप म्हणून जे सांगितले जाते त्यातील पुष्कळसे टाकीच्या तळाशी महिनोन्‌महिने साठलेले असते.

जाणता इंजिन ड्रायव्हर म्हणून बंदर सोडण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचा पाणी काढण्याचा स्क्रू सैल करून वाटीभर तेल काचेच्या बाटलीत घेतो आणि उजेडात धरून पाहतो. तळाशी वेगळा थर दिसला तर स्वच्छ तेल येईपर्यंत तो ते सोडून देतो. काही नौकांवर दोन फिल्टर शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि मधली तोटी फिरवली की एक बंद होऊन दुसरा चालू होतो. खर्च थोडा, परंतु भर समुद्रात इंजिन न थांबवता फिल्टर बदलता येणे ही केवढी सोय आहे, हे ज्याने अंधारात, होडी लोळत असताना, डिझेलने माखलेल्या बोटांनी फिल्टर उघडला आहे त्यालाच विचारावे.

फिल्टर बदलला म्हणजे काम संपत नाही. नळीत हवा शिरलेली असते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पंप दाब देतो, नळीतील हवा आकसते आणि नोझल उघडतच नाही. ही हवा क्रमाने काढावी लागते. प्रथम फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. फेसाळ तेल येणे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. मग मुख्य पंपावरचा स्क्रू, त्याच रीतीने. शेवटी प्रत्येक नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करून इंजिन फिरवायचे आणि तेल ठिबकू लागले की तो आवळायचा. क्रम चुकला तर सारे पहिल्यापासून करावे लागते, आणि तोवर बॅटरी बसते. नवख्या खलाशाला हे काम बंदरात, दिवसाउजेडी, चार वेळा करायला लावणे हेच खरे शिक्षण. चालू इंजिनाच्या नोझलचा फवारा मात्र हाताने कधीही अजमावू नये. तो दाब इतका असतो की तेल कातडी भेदून मांसात शिरते, आणि ती जखम दिसायला लहान असली तरी हात गमावण्याइतकी गंभीर ठरू शकते.

तेलाखालोखाल पाणी. इंजिन थंड ठेवण्यास समुद्राचे पाणी अमर्याद उपलब्ध आहे, मग ते सरळ इंजिनात का फिरवू नये? जुन्या इंजिनांत तसेच करीत. परंतु खारे पाणी पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर तापले की त्यातील क्षार सुटे होऊन आतल्या वाटांवर खपलीसारखे बसतात, जसे खाऱ्या विहिरीचे पाणी उकळणाऱ्या बंबात बसतात. म्हणून असे इंजिन मुद्दाम थंड चालवावे लागे. इंजिनाला स्वतःला मात्र ऐंशी अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंड चाललेल्या सिलिंडराच्या भिंतीवर धुरातील बाष्प आणि आम्ले साचून लायनर झिजतात. या पेचातून काढलेला तोडगा म्हणजे इंजिनात गोडे पाणी बंदिस्त फिरवायचे आणि त्या गोड्या पाण्याला हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या खाऱ्या पाण्याने थंड करायचे. दोन पाणी शेजारून जातात, मिसळत नाहीत.

खारे पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचे पात्यांचे चाक असते, त्याला इम्पेलर म्हणतात. त्याचे वंगण म्हणजे त्यातून जाणारे पाणीच. बाहेरच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी येऊन चिकटली, आणि आजच्या खाड्यांत पिशव्यांना तोटा नाही, तर ते चाक कोरडे फिरते आणि अल्पावधीत त्याची पाती फाटतात. नवे चाक बसवणे हे दहा मिनिटांचे काम. तरीही येथे घाई नडते, कारण तुटलेल्या पात्यांचे तुकडे पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. सगळे तुकडे मोजून, जुळवून पाहिल्याशिवाय झाकण लावू नये. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी कधीही ओतू नये. ओतीव लोखंड एकदम आकसले तर हेडला तडा जातो, आणि तासाभराची दुरुस्ती महिन्याची होऊन बसते.

खाऱ्या पाण्याचे आणखी एक काम चालते, ते डोळ्यांना दिसत नाही. काशाचा पंखा आणि पोलादी भाग एकाच खाऱ्या पाण्यात असले की त्यांची मिळून एक विद्युत्‌घटमालाच तयार होते आणि दुबळा धातू झिजू लागतो. त्यावर उपाय म्हणून दोहोंहून दुबळ्या अशा जस्ताच्या वड्या तळाशी आणि हीट एक्स्चेंजरमध्ये बसवतात. त्या झिजतात आणि बाकीचे वाचते. निम्मी झिजलेली वडी बदलावी. होडी रंगवताना हौसेने त्या वडीलाही रंग फासला तर ती निरुपयोगी होते. हा प्रकार किनाऱ्यावर वरचेवर घडतो.

अनुभवी ड्रायव्हर इंजिनाची प्रकृती वैद्यासारखी पाहतो. भार असताना निघणारा काळा धूर म्हणजे तेलाच्या मानाने हवा कमी, नाहीतर नोझल खराब, नाहीतर इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा पंखा बसवलेला. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे, रिंगा झिजल्या. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर तेल न जळता बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरात पाणी शिरत आहे. वंगणाच्या तेलाची पट्टी काढून पाहिली आणि तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरलेच. त्या स्थितीत इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंगे जाणूनबुजून घालवणे. एखादा सिलिंडर काम करीत नाही अशी शंका आली तर चालू इंजिनात एकेका नोझलच्या नळीचा नट फडक्याआड क्षणभर सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाचा स्वर बदलत नाही, तोच सिलिंडर आळशी.

या सर्वांहून मोलाची एक वस्तू प्रत्येक नौकेवर असावी, आणि फारच थोड्या नौकांवर असते. ती म्हणजे नोंदवही. इंजिन किती तास चालले, तेल केव्हा बदलले, पाण्याचे तापमान काल किती होते आणि आज किती आहे. हे काम कारकुनी वाटते खरे. परंतु इंजिन क्वचितच अचानक बिघडते. ते आठवडेच्या आठवडे आगाऊ सूचना देत असते, आणि त्या सूचना आकड्यांत जितक्या लवकर दिसतात तितक्या कानाला ऐकू येत नाहीत. अडीचशे तासांनी वंगण बदलायचे असा साधारण नियम असला, तरी तास मोजलेच नाहीत तर नियमाचा उपयोग काय? मच्छीमार तरुणांसाठी राज्य शासनाने वर्सोवा येथे आणि किनाऱ्यावर अन्यत्र चालवलेल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात नौकानयनाच्या जोडीने सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते. कोचीन येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेतून मोठ्या नौकांचे इंजिन ड्रायव्हर तयार होतात. तरीही बहुसंख्य ड्रायव्हर हे वडिलांच्या किंवा मामाच्या हाताखाली शिकलेले असतात. त्यांचा कान पुस्तकी विद्यार्थ्याहून तयार असतो. वहीची सवय मात्र नसते.

अलीकडे मालवण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हौशी लोकांना गळ टाकून मासे धरण्यासाठी भाड्याने होडी देण्याचा व्यवसाय वाढला आहे. या होड्यांच्या इंजिनांचे दुखणे जरा वेगळे आहे. जाळी ओढणाऱ्या नौकेचे इंजिन तासन्‌तास भाराखाली असते. भाड्याची होडी मात्र गळाची दोरी मागे सोडून अगदी मंद गतीने फिरत राहते. मंद गती म्हणजे इंजिनाला आराम, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः डिझेलच्या इंजिनाला आळस मानवत नाही. भार नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, तेल अर्धवट जळते, नोझलच्या तोंडावर आणि रिंगांच्या खाचांत काजळी साचते, न जळलेले डिझेल झिरपून वंगणात उतरते आणि लायनरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होऊन वंगण धरीनाशा होतात. म्हणून परतीच्या वाटेवर अर्धा तास तरी इंजिन चांगल्या भाराखाली चालवण्याचा प्रघात शहाणे ड्रायव्हर पाळतात. पाहुण्यांना तो वेगाचा शौक वाटतो. इंजिनाचे ते औषध असते. भाड्याच्या होडीवर जबाबदारीही निराळी. जाळ्याच्या नौकेवर इंजिन बंद पडले तर सारे खलाशी हात लावतात. येथे सहा पाहुण्यांपैकी दोघे समुद्र लागून आडवे झालेले असतात आणि ड्रायव्हर एकटा असतो.

जून आणि जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि इंजिनांच्या दुरुस्तीचाही. साखरीनाटे, हर्णै, मिरकरवाडा, करंजा येथे ओढून ठेवलेल्या नौकांवर झावळ्या आणि ताडपत्र्या चढतात आणि आतून हातोडीचे आवाज येऊ लागतात. या मुदतीत इंजिन नुसते झाकून ठेवणे सर्वांत घातक. खाऱ्या पाण्याच्या वाटा गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात, इम्पेलर काढून ठेवावा लागतो, वापरलेले वंगण आम्लयुक्त झालेले असते म्हणून ते आरंभीच बदलावे लागते, टाकी बाष्प धरू नये म्हणून काठोकाठ भरावी लागते आणि आठवड्यातून एकदा इंजिन हाताने थोडे फिरवावे लागते, नाहीतर रिंगा लायनरला चिकटतात. टाकी काठोकाठ भरा, हा सल्ला मात्र सांगायला सोपा आहे. हंगाम संपताना नाखव्याच्या हाती पैसा नसतो. डिझेलवरील राज्याच्या कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो, पण तो हाती येण्यास वेळ लागतो. नौकेच्या खर्चातला मोठा वाटा डिझेलचा असल्यामुळे टाकी अर्धी राहते आणि तिच्यात दव साचते.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा पाण्यात जातात. या वेळी एक तपासणी उरते, आणि ती किनाऱ्यावर करता येत नाही. वाळूवर टेकवलेल्या लाकडी नौकेचा आकार एक असतो आणि पाण्यात तरंगणाऱ्या नौकेचा निराळा. सुकलेले लाकूड पाणी पिऊन फुगते तेव्हा तो आणखी बदलतो. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट हे किनाऱ्यावर कितीही सरळ रेषेत बसवले तरी पाण्यात ती रेषा ढळते. म्हणून नौका उतरवल्यावर दोन-तीन दिवस ती नुसती तरंगत ठेवतात, मग कपलिंगचे बोल्ट सोडून दोन चकत्यांमधली फट चहूबाजूंनी पातळ पट्टीने मोजतात. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे इंचाच्या एक हजारांश भागाहून अधिक फरक भरला तर इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे सारून तो काढून टाकतात. मग ग्लँडमध्ये नवी दोरी भरतात आणि नट इतपतच आवळतात की शाफ्ट फिरत असताना तिच्यातून पाण्याचे थेंब सावकाश पडत राहावेत. थेंब अजिबात थांबले तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. धार लागली तर तळात पाणी भरते. थेंबांची ती गती जमली की ड्रायव्हर वर येतो आणि तांडेलाला नांगर उचलायला सांगतो.